नवे ब्रेक आधी मुरवा, मग घाट उतरा: डिस्क-पॅड बदलणं आणि बेडिंग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे बघा ना' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय आहे ब्रेकचा. नेमकं सांगायचं तर जोरात पळणाऱ्या गाडीच्या डिस्क आणि पॅड बदलणं, आणि बदलल्यावर ते 'मुरवणं'. इंग्रजीत याला बेडिंग-इन म्हणतात, गॅरेजमध्येही बेडिंग हाच शब्द चालतो. रोटर म्हणा, डिस्क म्हणा, वस्तू एकच. मी आज डिस्क म्हणणार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकतो, कारण काही जण निम्म्यात ऐकणं सोडतात. नवे ब्रेक पहिल्या दिवशी जुन्या ब्रेकपेक्षा कमजोर असतात. आपण पैसे मोजलेले असतात, चकचकीत डिस्क चाकातून दिसत असतात, त्यामुळे मनाला वाटतं की आता गाडी खिळल्यासारखी थांबणार. तसं होत नाही. आणि आपल्याकडे होतं काय, तर शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजमधून गाडी घ्यायची आणि शनिवारी पहाटे घरच्यांना बसवून ताम्हिणीतून कोकणात उतरायचं. म्हणजे ब्रेकची सगळ्यात कच्ची वेळ आणि सगळ्यात कठीण परीक्षा एकाच सकाळी. आजचा भाग त्या दोन्हींच्या मध्ये काय करायचं, त्याबद्दल आहे.

ब्रेकचं काम किती मोठं असतं?

एक सोपा हिशेब करू. माझ्याकडे ऑक्टाविया आरएस आहे, २३० पीएसवाली. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १६०० किलो मानू. ताशी १०० किमी वेगावरून ती पूर्ण थांबवली, तर साधारण ६२० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. घरगुती भाषेत सांगायचं तर जवळजवळ दोन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी. तीन-चार सेकंदांत! आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो, कारण ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो.

वेग वाढला की हा आकडा वर्गाने वाढतो. १०० ऐवजी १४० वरून थांबलात, तर उष्णता जवळपास दुप्पट. म्हणून ताकदवान गाडीच्या ब्रेकला साध्या गाडीपेक्षा जास्त सोसावं लागतं. वजनात फार फरक नसतो, वेगात असतो.

आता घाट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे आणि खोपोली त्याच्या बरीच खाली. उतार ५०० मीटरचा धरला, तर हीच गाडी खंडाळ्याचा घाट उतरताना जी ऊर्जा सोडते, ती १०० वरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी होते. त्यातली काही वारा खातो. खालचा गिअर टाकला तर बरीचशी इंजिन खातं. उरलेली सगळी डिस्कमध्ये. डिस्क म्हणजे शेवटी उष्णता साठवून हवेत सोडणारी एक जाड चकती.

कधी बदलायचं, काय घ्यायचं

प्रत्येक डिस्कवर, कडेला किंवा मधल्या टोपीवर, कमीत कमी जाडी कोरलेली असते. ती मर्यादा नव्या जाडीपेक्षा साधारण दोन-तीन मिलिमीटरच कमी असते. मोजायची असेल तर मायक्रोमीटर लावा. साधा व्हर्नियर कडेच्या उंचवट्यावर टेकतो आणि जास्त जाडी दाखवतो. पॅडचं घासणारं मटेरिअल तीन मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायची वेळ झाली. आणि बदलायचं ते जोडीने, डावं-उजवं एकदम. एकाच चाकाचा पॅड नवा टाकला, तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते.

पॅड घेताना 'रेसिंगवाला द्या' असं सांगू नका. ट्रॅकचे पॅड तापल्यावर चांगले चावतात, थंड असताना मात्र बेताचेच. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पहिलाच ब्रेक लागतो, तो थंड पॅडवरच. रस्त्यावर वापरायच्या गाडीला रस्त्याचाच पॅड हवा. फार तर कंपनीच्या पॅडपेक्षा थोडी जास्त उष्णता झेलणारा.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झकास, पण सतत जबर तापवल्या तर भोकांच्या काठाला केसासारख्या भेगा जायला लागतात. ट्रॅकवर जाणारे लोक म्हणूनच साध्या किंवा चिरा पाडलेल्या डिस्क पसंत करतात. मी साध्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्क बसवल्या.

बसवताना नजर कुठे ठेवायची

हे काम तुम्ही स्वतः करा किंवा गॅरेजमध्ये करून घ्या. मी मेकॅनिकच्या शेजारी उभा राहून करून घेतो. पण काही गोष्टींवर नजर हवी.

पहिली गोष्ट, हब. डिस्क ज्यावर बसते तो भाग. आपला पावसाळा आणि किनाऱ्याची खारी हवा यांनी हबवर गंजाचे पापुद्रे धरतात. त्यावरच नवी डिस्क चढवली, तर ती किंचित तिरकी बसते. फिरताना डिस्क डावी-उजवीकडे किती डुलते, ते डायल गेजने मोजता येतं. बहुतेक गाड्यांसाठी ०.०५ मिमीच्या आत असावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. म्हणजे गंजाचा एक कण पुरे. तेव्हा हब तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करायला सांगा. मागची आतली बाजू कुणाला दिसत नाही म्हणून सोडू देऊ नका.

दुसरी, नव्या डिस्कवरचं तेल. गंजू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा थर देतात. तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसायचा, आणि नंतर घासण्याच्या भागाला तेलकट हात लावायचा नाही. काही डिस्कवर राखाडी कोरडं कोटिंग असतं. ते पुसायचं नसतं, पॅड ते आपोआप खरवडतो.

तिसरी, कॅलिपर. सोडवल्यावर तो रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइल टाकीत वर चढतं, म्हणून झाकण उघडून लक्ष ठेवा. ते रंगावर सांडलं तर रंग गेला म्हणून समजा. मागच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावी लागते. जबरदस्तीने पिस्टन दाबला तर मोटर जाते. सरकत्या कॅलिपरच्या पिना साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने आतलं रबर फुगतं, पिन अडकते आणि एकच पॅड घासत राहतो.

पॅडची भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ती नाकात जाण्यासारखी गोष्ट नाही. ओल्या फडक्याने किंवा क्लीनरने काढा.

चौथी, टॉर्क. माझ्या गाडीला चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरने आवळायचे असतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. हवेच्या गनने धडाधड आवळले, तर एक बोल्ट जास्त, दुसरा कमी घट्ट होतो, आणि तो असमान ताण डिस्कला किंचित वाकडं धरतो. आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने समोरासमोरचे बोल्ट घेत टॉर्क रेंचने.

आणि पाचवी. गाडी हलवण्याआधी पेडल दाबून घट्ट करून घ्या. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पाय टाकलात की पेडल थेट तळाला जातं. ब्रेक लागतच नाही. गॅरेजच्या रॅम्पवरून मागे घेताना हे कळलं, तर फार उशीर झालेला असतो. उभ्या गाडीत सावकाश पाच-सात वेळा दाबा, पेडल कडक लागलं की मगच गिअर टाका.

याच वेळी ब्रेक ऑइलही बदलून टाका. डॉट ४ ऑइल हवेतली वाफ शोषतं. कोरडं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, अशी मानकाची अट आहे. पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दबतात, ब्रेक दबत नाही. दोन वर्षांतून एकदा ऑइल बदलण्याचा खर्च घाटातल्या त्या मऊ पेडलपुढे काहीच नाही.

मुरवणं म्हणजे नेमकं काय?

डिस्क ही बिडाची असते. बिडाचा तवा घरी आणला की आपण लगेच त्यावर घावनं टाकत नाही. तो तापवतो, तेल लावतो, पुसतो, पुन्हा तापवतो. काही दिवसांनी त्यावर काळा, एकसारखा थर बसतो आणि मग घावनं सुटायला लागतात. डिस्कचंही बरंचसं तसंच आहे. फरक एवढाच की इथे थर तेलाचा नसून पॅडच्या मटेरिअलचा असतो.

ब्रेक दोन प्रकारे काम करतात. एक, पॅड डिस्कला सरळ खरवडतो. दोन, पॅडचा अतिशय पातळ थर डिस्कवर चढतो आणि मग पॅड त्या थराला चिकटत-सुटत राहतो. चांगल्या ब्रेकमध्ये या दुसऱ्या प्रकाराचा वाटा मोठा. नव्या डिस्कवर तो थर नसतोच. शिवाय नव्या पॅडचा आणि डिस्कचा पृष्ठभाग एकमेकांशी पूर्ण जुळलेला नसतो, सुरुवातीला ते काही उंचवट्यांवरच टेकतात.

आणखी एक. पॅडमधलं मटेरिअल राळेने बांधलेलं असतं. नवा पॅड पहिल्यांदा खूप तापला की त्या राळेतून वायू सुटतो, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो आणि पकड अचानक ढिली पडते. पेडल कडक असतं, पण गाडी थांबत नाही. याला ग्रीन फेड म्हणतात. ग्रीन म्हणजे इथे कच्चा. शनिवारी पहाटे ताम्हिणीत कच्चे पॅड घेऊन उतरायचं नाही, ते याचसाठी.

मी कसं करतो

आधी पॅडच्या खोक्यातला कागद वाचा. पॅड बनवणाऱ्याने पद्धत दिली असेल तर तीच करायची. नसेल तर रस्त्याच्या पॅडसाठी साधारण चालणारी पद्धत अशी.

जागा: सरळ, सपाट, लांबपर्यंत दिसणारा आणि मोकळा रस्ता. मी रविवारी सकाळी लवकर औद्योगिक वसाहतीच्या रुंद रस्त्यावर जातो. एक्स्प्रेसवेवर हा उद्योग मुळीच नको. मागून येणाऱ्याला तुमचं बेडिंग चाललंय हे कसं कळणार? शेजारी कुणाला तरी बसवा आणि मागचा रस्ता त्यांना बघायला सांगा. वेगमर्यादा आपल्याला लागू आहेच.

पहिली पायरी: ३०-४० च्या वेगाने पाच-सहा हलके ब्रेक. हे फक्त तपासायला. गाडी ओढते का? करकर येते का? पेडल कसं आहे? काही खटकलं तर इथेच थांबा.

दुसरी पायरी: ६०-७० वर जा, मध्यम जोराने ब्रेक दाबून २० पर्यंत आणा. पूर्ण थांबू नका. एबीएस लागेल इतकं दाबू नका. सोडा, पुन्हा वेग घ्या. दोन ब्रेकच्या मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. असे आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी तापमान थोडं थोडं वर चढतं, आपल्याला तेच हवं असतं.

जळकट वास येईल, कदाचित किंचित धूरही दिसेल. घाबरू नका. पण पेडल मऊ लागायला लागलं, तर लगेच बंद करा. ते बेडिंगचं लक्षण नाही, ऑइलकडे बघायची वेळ आहे.

तिसरी पायरी: दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला जवळजवळ हात, म्हणजे पाय, न लावता गाडी चालवत राहा. वाऱ्याने डिस्क सावकाश थंड होतात. पाणी मारायचं नाही.

घरी आल्यावर डिस्क बघा. सगळीकडे एकसारखी राखाडी, किंचित निळसर झाक असेल तर काम झालं. ठिपके किंवा पट्टे दिसले, तर पूर्ण थंड झाल्यावर आणखी एक फेरी करा. पुढचे २००-३०० किमी जबरदस्त ब्रेकिंग टाळा. अर्थात, समोर माणूस आला तर पूर्ण ताकदीने मारायचाच! हा नियम सवयीसाठी आहे, संकटासाठी नाही.

ट्रॅकच्या पॅडना याहून बरंच जास्त तापमान लागतं. ते ट्रॅकवरच करायचं काम आहे, सार्वजनिक रस्त्यावर नाही.

'डिस्क वाकली हो!'

ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं. गॅरेजमध्ये निदान ठरलेलं: डिस्क वाकली. कॅरोल स्मिथ नावाचे अमेरिकन रेसिंग इंजिनिअर होते. त्यांनी ब्रेकबद्दलच्या गैरसमजांवरच्या एका प्रसिद्ध लेखात म्हटलंय की, लोक ज्याला वाकलेली डिस्क म्हणतात ती बहुतेक वेळा वाकलेली नसतेच. तिच्यावर पॅडचा थर असमान चढलेला असतो. जाडीत ०.०२ मिमीचा फरक पडला तरी पायाला जाणवतो. त्या जाड जागा जास्त तापतात, तिथे आणखी थर चढतो. फार तापल्या तर त्याखालच्या बिडाची रचनाच बदलून सिमेंटाइट नावाचं अतिशय कडक संयुग तयार होतं. मग ती थरथर नुसती बेडिंग करून जात नाही.

आता हा असमान थर येतो कुठून? वर सांगितलेल्या गंजलेल्या हबमधून तर येतोच. तिरकी बसलेली डिस्क प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला हलकेच घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. म्हणून गॅरेजमधून निघताना सगळं ठीक वाटतं.

दुसरं कारण आपल्या पायात आहे. खंडाळ्याचा घाट उतरून आलात, डिस्क तापलेल्या, आणि खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत ब्रेक घट्ट दाबून उभे राहिलात. गरम पॅड डिस्कच्या एकाच जागी चिकटून बसतो आणि तिथे आपला ठसा सोडतो. पॅड नवे असतील तर जास्तच. उपाय सोपा आहे. घाटात खालचा गिअर टाका, ब्रेक सतत टेकवून ठेवू नका, दाबा आणि सोडा. घाट संपल्यावर थोडं अंतर ब्रेकशिवाय जाऊ द्या. रांगेत पुढच्या गाडीपासून जागा ठेवा आणि सावकाश सरकत राहा. सपाटीवर थांबावंच लागलं, तर न्यूट्रल करून पाय शक्य तितका हलका ठेवा.

तुमचे दोन प्रश्न

"जुन्या डिस्कवर नवे पॅड चालतील का?" चालतील. जाडी मर्यादेच्या आत हवी आणि खोल चरे नकोत. पण पॅडची जात बदलत असाल, तर जुन्या पॅडचा थर आधी काढायला हवा, नाहीतर दोन मटेरिअलची खिचडी होते. आणि बेडिंग तेव्हाही करायचंच.

"लेथवर फेसिंग करून घेतलं तर?" थरथर जाऊ शकते, पण जाडीही जाते. फेसिंगनंतरची जाडी कोरलेल्या आकड्याच्या वर किती उरते, ते मोजून मगच हो म्हणा. माझ्या गाडीत तेवढी जाडी उरत नव्हती, म्हणून नव्या घेतल्या.

गॅरेजमधून निघण्याआधी

गाडी ताब्यात घेताना चार गोष्टी विचारा. हब घासला का? बोल्ट टॉर्क रेंचने आवळले का? ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? पेडल दाबून घट्ट केलं का? कुणी रागावत नाही. चांगला मेकॅनिक उलट खूश होतो.

आणि काम शुक्रवारवर ढकलू नका. सोमवारी-मंगळवारी करा, म्हणजे आठवडाभर शहरातल्या चालण्याने आणि एका सकाळच्या बेडिंगने ब्रेक तयार होतील. शनिवारी सगळे बसतील तेव्हा उतारावरच्या पहिल्या वळणाला पाय टाकलात की गाडी तुम्हाला हवी तशी थांबेल.

पुढच्या भागात ब्रेक ऑइल आणि लाइनमधली हवा काढणं, हेच धरून बोलू. तुमच्या गाडीच्या पॅडबद्दल काही विचारायचं असेल तर मॉडेल, वर्ष आणि किती किलोमीटर झाले ते नक्की लिहा, म्हणजे नीट उत्तर देता येईल. भेटू. सांभाळून चालवा.